पदरचा समुद्र

टिप्याने दोन्ही हात पुढे केले आणि टेबलावरची वस्तू कडेकडेने चाचपली. एखाद्या जाड पुस्तकापेक्षा ती मोठी नव्हती. वरच्या अंगाला रबराची बारीक बटणं होती, खोडरबराचे तुकडे ओळीने मांडावेत तशी. त्यातलं एक त्याने दाबलं. ते आत गेलं आणि आळसावल्यासारखं हळूच वर आलं.

"हेच," तो म्हणाला. "आमच्याकडे हेच होतं."

"नक्की ना?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. "त्या काळात अशी बरीच मॉडेलं होती. घाई करू नका, नीट बघा."

"कोपऱ्यातलं हे बटण आमच्यात अर्धं फाटलेलं होतं. बाकी सगळं हेच."

डॉक्टरांनी समाधानाने खुर्ची पुढे ओढली. दवाखान्यामागची ही खोली म्हणजे त्यांचा जीव की प्राण. भिंतींना लागून फळ्या, आणि फळ्यांवर जुने घरगुती कॉम्प्युटर. कुणाच्या माळ्यावर धूळ खात पडलेले, कुणी भंगारात द्यायला काढलेले. डॉक्टर ते मागून आणायचे, खोलून साफ करायचे आणि दुपारी दवाखाना बंद झाला की त्यांच्यावर खेळत बसायचे. नुसतं मांडून ठेवायचं असेल तर माझ्याकडे कवळ्या काय कमी आहेत, असं ते म्हणत.

दोघांची ओळख दाढेपायी झाली होती. रोग्याच्या तोंडात हत्यारं घालून त्याच्याशी गप्पा मारायची डॉक्टरांना सवय होती. समोरच्याला मधे बोलता येत नाही, हे त्यांच्या पथ्यावरच पडायचं. टिप्याला कॅप बसवताना त्यांनी जुन्या गेमचा विषय काढला आणि तोंडातला कापूस निघतो न निघतो तोच टिप्या म्हणाला, लहानपणी मी आणि ताई एक गेम खेळायचो, 'ओल्ड सेलर' नावाचा. डॉक्टरांचा हात जागीच थांबला. ती कॅसेट त्यांच्या संग्रहात होती. शनिवारी दुपारी या, म्हणाले.

पन्नाशी उलटली तरी टिप्याचं हे नाव काही सुटलं नव्हतं. ते ताईने ठेवलेलं. जन्मापासून डोळ्यांनी न दिसणारा हा धाकटा भाऊ कानावर पडेल ते टिपकागदासारखं टिपून घ्यायचा, म्हणून टिप्या. पुढे तेच त्याच्या पोटापाण्याचं साधन झालं. बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेत तो ध्वनिमुद्रणं तपासायचा. बोटांखाली ब्रेलमधलं पुस्तक, कानात वाचणाऱ्याचा आवाज. वाचणारा मोठा नट असो की निवेदक, त्याने पदरचा एक शब्द जरी घातला तरी टिप्याचं बोट थबकायचं. अलीकडे तर त्याला पुस्तकाचीही गरज लागत नसे. वाचताना माणूस श्वास घेतो तो ओळ संपताना. सांगताना घेतो तो मनात पुढचं जुळवताना. दोन्ही श्वास वेगळे असतात, असं तो नव्या मंडळींना शिकवायचा.

डॉक्टरांनी मशीनला जोडलेला टीव्ही लावला, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये सरकवली आणि बटण दाबलं. आधी एक लांब, सपाट शिटी आली आणि तिच्यामागून खरखरीचा लोंढा. गेम कॅसेटवरून मशीनमध्ये उतरायचा तो असाच. टिप्या खुर्चीत सरळ झाला. हा आवाज ऐकून आई कानांवर हात ठेवायची.

"लहानपणी टीव्हीचीपण एक बारीक शीळ यायची," तो म्हणाला. "तुमचा हा वेगळा दिसतोय."

"छे हो, जुनाच आहे. शीळ घालतोय तो, अगदी इमानेइतबारे. आपल्या वयाला ती ऐकू येत नाही."

खरखर थांबली. डॉक्टर टीव्हीकडे वाकले आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचू लागले. ह्या गेममध्ये चित्रं नव्हतीच. तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, एवढं लिहून यायचं आणि पुढे काय करायचं ते आपण टाइप करायचं.

"तुम्ही एका जुन्या तळघरात आहात. भिंतीला फळी आहे. फळीवर लाल किल्ली. समोर हिरवं दार, कुलूप लावलेलं. बोला, काय करायचं?"

टिप्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "ही सुरुवात नाही. असो. उत्तरेला चला."

डॉक्टरांनी बटणं दाबली. "तिकडे जाता येत नाही म्हणतोय. भिंत आहे."

"उत्तरेला धक्का आहे ना? लाकडी. तिथे नावाडी असतो."

"कुठला नावाडी?"

"म्हणजे काय, त्याचाच तर गेम आहे. ओल्ड सेलर. म्हातारा खलाशी."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "खलाशी नाही हो. सेलर म्हणजे तळघर. स्पेलिंग वेगळं आहे, कानाला सारखंच लागतं. जुनं तळघर. सबंध गेममध्ये पाण्याचा थेंब नाही. मी तीनदा शेवटपर्यंत खेळलोय."

टिप्याने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. ते नाव त्याने आयुष्यभर ऐकलंच होतं. लिहिलेलं त्याच्या बोटांखाली कधी आलं नव्हतं.

"पण आम्ही तर समुद्रावरच असायचो," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. त्यांचा मामा जहाजावर इंजिनियर होता, त्याने हा कॉम्प्युटर आणून दिला होता. आई नोकरीवर असायची. ताई शाळेतून आली की दप्तर टाकून टीव्ही लावायची. ती वाचायची, टिप्या काय करायचं ते सांगायचा, ती टाइप करायची. उत्तरेला धक्का होता, त्याच्या फळ्या पायाखाली दबायच्या. नावाडी ओल्या पायांनी कुणाला नावेत घेत नसे. पलीकडच्या बेटावर एक म्हातारी बुचाच्या बाटल्यांतून आवाज विकायची; बूच किंचित सैल करून कानाला लावायची, आवडला तर घ्यायचा. एका बाटलीत लोखंडी पुलावरून जाणारी आगगाडी होती. त्याच्याही पुढे एका गोदामात वारे पोत्यांत बांधून ठेवलेले होते, आणि कुठल्या पोत्यात कुठला वारा ते हात लावून ओळखायचं. चुकलं की पुन्हा धक्क्यावर.

टिप्याचं बोलून झालं तेव्हा डॉक्टरांचा श्वास भरभर चालला होता.

"ही दुसरी आवृत्ती आहे," ते हळूच म्हणाले. "असं व्हायचं. नाव तेच, कॅसेट तीच, आत गेम निराळा. थोड्याच प्रती निघायच्या आणि गडप व्हायच्या. अहो, हे कुठेच नोंदलेलं नाही. तुमची कॅसेट कुठे आहे?"

"केव्हाच गेली. मशीन बंद पडलं, ताई दहावीत गेली, मग कुणीतरी सगळंच उचलून नेलं."

"तुम्हाला आठवतंय तेवढं सगळं मला सांगा. मी नकाशा काढतो."

तेव्हापासून शनिवारची दुपार ठरूनच गेली. टिप्या सांगायचा, डॉक्टर मोठ्या कागदावर पेन्सिलीने चौकटी आखून त्या रेघांनी जोडायचे. अधेमधे ते आपल्या ओळखीच्या संग्राहकांना विचारायचे. गोदाम कुणाच्याच ऐकण्यात नव्हतं, म्हातारीही नाही. त्याने डॉक्टर नाउमेद व्हायचे सोडून आणखीच पेटायचे. एका रोग्याची खालची दाढ सोडून वरच्या दाढेला भूल द्यायला निघालो होतो, असं त्यांनी स्वतःच एकदा कबूल केलं.

टिप्यालाही मजा येत होती. इतक्या वर्षांनी त्याला सगळं जसंच्या तसं आठवत होतं. फक्त एका गोष्टीचं त्याला नवल वाटायचं: आपण एखादी तिरपागडी आज्ञा दिली, म्हणजे नावाड्याला गुदगुल्या करा किंवा वाऱ्याचं पोतं डोक्याखाली घेऊन झोपा, तरी त्या गेमकडे उत्तर तयार असायचं. डॉक्टरांच्या कॅसेटला तसलं काही विचारलं की ती एकच वाक्य फेकायची: समजलं नाही.

एका शनिवारी नकाशा जवळजवळ पुरा झाला. डॉक्टरांनी चहा आणला आणि कागद पुढ्यात घेऊन तो पहिल्यापासून वाचत गेले. वाचता वाचता म्हणाले, "एक गंमत तुमच्या लक्षात आली का?"

"कसली?"

"रंग नाहीत."

"म्हणजे?"

"माझ्या कॅसेटमध्ये बघा. हिरवं दार, लाल किल्ली, पिवळट उजेड. तेव्हाच्या सगळ्या गेममध्ये असंच असायचं. तुमच्या आवृत्तीत दार आहे, ते पाण्याने फुगलेलं, ढकललं की रडणारं. म्हातारी आहे, तिच्या हातांना साबणाचा वास. नावाडी आहे, तो बोलण्याआधी दोनदा खोकतो. पण दिसतं कसं, ते कुठेच नाही. अहो, एवढा मोठा समुद्र आणि त्याला रंग नाही. लिहिणारा माणूस अवलिया असणार. त्याचा पत्ता लावला पाहिजे."

टिप्याने कप तोंडाशी नेला होता. तो तसाच धरून राहिला. कपातून येणारी वाफ हनुवटीला लागत होती. ती थांबली तरी त्याला कप खाली ठेवायचं सुचलं नाही.

"चहा गार झाला," डॉक्टर म्हणाले.

"हो," टिप्या म्हणाला. "पुढच्या खेपेला ताईला घेऊन येतो."

ताई एका पॅथॉलॉजी लॅबची प्रमुख होती. काचेखाली दिसलं तेवढंच लिहायचं, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही, अशी तिची हाताखालच्या मुलींना ताकीद असे. घरीही ती तशीच बोलायची. लग्नकार्याला जाऊन आली की सांगायची, माणसं बरीच होती, जेवण वेळेवर झालं. आई गेली त्या दिवशी तिचा फोन आला होता. "आई गेली. तू तयार राहा, मी न्यायला येते." बस, एवढंच. भावाचं मात्र ती सगळं करायची. आठवड्यातून एकदा येऊन त्याच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या तपासायची, औषधांच्या डब्या लावायची, बिलं भरायची. दोघांच्यात भांडण म्हणून कधी नव्हतं. गप्पाही नव्हत्या.

टिप्याला आपल्याला तो गेम आठवतो, असंच इतकी वर्षं वाटत आलं होतं.

त्या आठवड्यात ताई आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन, ही तिचीच पद्धत. जुने रबरबँड सैल झाले होते, ते काढून ती नवे चढवत होती. टिप्या दारात उभा राहिला. तिची वाट बघताना त्याने मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं: ताई, मला कळलं. पण ते बोललो तर पुढे काय होईल, तेही त्याला पक्कं माहीत होतं. ताई म्हणेल, हो, लहान होते, इंग्रजी समजत नव्हतं, काहीतरी सांगायचे. अहवाल पुरा. खाली सही. आणि तो समुद्र म्हणजे एका मुलीची चूक, एवढंच उरेल.

"तो आपला गेम होता ना, ओल्ड सेलर," तो म्हणाला. "माझ्या दातांच्या डॉक्टरांकडे आहे. मशीनसकट, चालू."

रबरबँडचा आवाज थांबला.

"बरं मग?"

"शनिवारी येतेस? वाचायला."

"ते डॉक्टर वाचत नाहीत?"

"वाचतात की. त्यांचं वाचन चोख आहे."

"मग झालं तर."

"पण पुढे जायला होत नाही."

ताईने नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला. धुण्यासारखं हाताला काही लागलेलं नसणार.

"मला तेव्हा इंग्रजी कुठे येत होतं धड," ती म्हणाली.

"आता येतं ना."

"तेच तर," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ पंचाला हात पुसत राहिली. मग तिने विचारलं, "किती वाजता?"

शनिवारी ती थोडी उशिराच आली. डॉक्टरांनी तिचं एखाद्या पाहुण्या वक्त्यासारखं स्वागत केलं, नकाशा उलगडून तिच्यासमोर धरला आणि विचारलं, कॅसेटचं वेष्टण कसं होतं, कंपनी कुठली होती, मामांनी ती कुठल्या बंदरात घेतली असेल, काही आठवतं का? टिप्याने कान टवकारले. ताई नकाशा बघत होती. कागदावरून तिचं बोट सावकाश सरकत होतं, धक्क्यापासून बेटापर्यंत, तिथून पुढे.

"हे सगळं ह्याने सांगितलं?" तिने विचारलं.

"शब्द न् शब्द. काय स्मरणशक्ती आहे हो ह्यांची."

"पोत्यांच्या गोदामाला मागचं दार होतं," ताई म्हणाली. "ते राहिलंय."

डॉक्टरांची पेन्सिल लगेच कागदावर चालली. वेष्टणाचं विचारायचं ते विसरूनच गेले.

ताई टीव्हीसमोर बसली. टिप्या तिच्या डाव्या हाताला, पूर्वी बसायचा तसा. डॉक्टर मागे उभे राहिले. शिटी आली, खरखर आली, थांबली.

ताईने वाचायला सुरुवात केली. "तू एका जुन्या तळघरात आहेस. भिंतीवर एक फळी. फळीवर लाल किल्ली. समोर हिरवं दार, त्याला कुलूप." सगळं नेमकं, लॅबमधल्या आवाजात. वाक्याच्या टोकाशी श्वास, पुन्हा वाक्य. संस्थेत असतं तर टिप्याने हे मुद्रण पहिल्या फटक्यात मंजूर केलं असतं.

"काय करायचं?" तिने विचारलं.

"उत्तरेला," तो म्हणाला.

रबराची बटणं दबली. मग मागून डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला; ते जरा पुढे सरकले असावेत. पडद्यावर काय उमटलं असणार ते टिप्याला तोंडपाठ होतं. ताईने ते वाचलं नाही. खोलीत फक्त मशीनच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण होती.

"काय लिहिलंय?" टिप्याने विचारलं.

ताईने श्वास घेतला. ओळीच्या टोकाशी घेतात तो हा श्वास नव्हता.

"पायाखाली फळ्या लागतात," ती म्हणाली. "ओल्या आहेत. मधली एक निघालीय, जपून. वारा खालून येतोय, फळ्यांच्या फटींतून, त्याला शेवाळाचा वास आहे. कुठेतरी दोर लाकडावर घासतोय."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "ताई, पण इथे तर—"

ते बोलायचे थांबले. कुणी त्यांना गप्प केलं नव्हतं. टिप्याला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण हातातला कागद त्यांनी चाळवला तो ऐकू आला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरी आवृत्ती, जगात कुणाकडेच नसलेली, त्यांच्या टेबलापाशी बसली होती.

"नावाडी आहे का?" टिप्याने विचारलं.

"आहे. झोपलाय. घोरतो हल्ली." ताई थांबली. तिचा आवाज खाली आला होता, दप्तर टाकून धावत आल्यावर व्हायचा तसा थोडा धापेचाही. "उठवायचं?"

"नको. बाजूला बसू. उठला की बघू."

तिने बटणं दाबली. काय दाबली कोण जाणे. टकटक मात्र चांगली लांबलचक होती. मग ती सांगू लागली. नावाडी कुशीवर वळला, नाव डगमगली, पाण्याने तळाला चापट मारली. नावेत कुणीतरी टोपली ठेवलीय. टोपलीत हात घातला तर काहीतरी उबदार लागतं, आणि ते श्वास घेतंय.

"काय आहे ते?" टिप्या पुढे झुकला.

"ते अजून आलेलं नाही," ताई म्हणाली. "येईल."

मागे स्टूल ओढल्याचा आवाज झाला. डॉक्टर ते घेऊन पुढे आले आणि टिप्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. गुडघ्यावर कागद, हातात पेन्सिल. मग त्यांनी टीव्हीकडे तोंड करून, भीतभीतच विचारलं, "मला... मला नावेत येता येईल का? का दोघांचीच आहे ती?"

ताईची खुर्ची करकरली. ती पडद्याच्या अगदी जवळ वाकली, बारीक अक्षर लावावं तशी.

"नावाडी जागा झालाय," ती म्हणाली. "विचारतोय, तुमचं वजन किती?"